कोरा टायर, पण सहा वर्षांचा: गाडीला लावायचा की नाही?

माळ्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला टायर सापडतो. तो कधी रस्त्याला लागलेलाच नाही. साच्यातून निघताना राहिलेले रबराचे बारीक केस तसेच आहेत, कंपनीचा कागदी स्टिकरही जागेवर आहे. पैसे मोजून घेतलेली अशी कोरी वस्तू टाकून द्यायला हात धजत नाही. पण टायरचं वय तो गाडीला लागला त्या दिवसापासून मोजत नाहीत. ज्या आठवड्यात तो कारखान्याच्या साच्यातून बाहेर पडला, त्या आठवड्यापासून मोजतात. माळ्यावरची सगळी वर्षं त्यात धरायची.

कारच्या टायरसाठी ढोबळ हिशेब असा. तीन वर्षांपर्यंतचा, सावलीत नीट ठेवलेला कोरा टायर निर्धास्त लावा. तीन ते पाच वर्षांचा असेल, तर पुढे दिल्याप्रमाणे तपासून लावा. पाच ते सहा वर्षांचा असेल, तर तो रिमवर नसताना आतून-बाहेरून पाहिल्याशिवाय लावू नका. सहाच्या पुढे गेलेला टायर महामार्गावर धावणाऱ्या गाडीला लावू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. दहा वर्षं झालेला टायर कितीही नवा दिसला तरी रस्त्यावर आणायचा नाही.

हे आकडे हवेतून आलेले नाहीत. अनेक कार कंपन्या आपल्या पुस्तिकेत सहा वर्षांची मर्यादा सांगतात, मग नक्षी कितीही शिल्लक असो. मिशेलिनचा सल्ला असा की वापराची पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि उत्पादनापासून दहा वर्षांनी टायर काढाच. जर्मनीच्या टायर व्यापारात नीट साठवलेला टायर तीन वर्षांपर्यंत ‘कारखान्यातून आलेला ताजा’ आणि पाच वर्षांपर्यंत ‘नवा’ म्हणून विकता येतो. म्हणजे दुकानातल्या दोन वर्षांच्या टायरला लगेच नाक मुरडायचं कारण नाही. फक्त पूर्ण किंमत मोजण्याआधी तारीख बघावी.

तारीख कशी वाचायची

टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधा. त्या ओळीच्या शेवटी लांबट गोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३५१९ म्हणजे २०१९ सालचा पस्तिसावा आठवडा, अर्थात ऑगस्टची अखेर. डीओटी ही अक्षरं नसली तरी चौकटीतले चार आकडे असतातच. चारऐवजी तीनच आकडे दिसले, तर तो टायर २००० सालापूर्वीचा आहे. पुढे काही तपासत बसू नका.

अडचण अशी की ही तारीख बहुतेक वेळा टायरच्या एकाच बाजूला असते आणि बसवताना नेमकी तीच बाजू आत जाते. पुढच्या चाकाचं पाहायचं तर स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा आणि टॉर्च घेऊन चाकाच्या मागून बघा. मागच्या चाकांसाठी गाडी खड्ड्यावर किंवा लिफ्टवर घ्यावी लागते. स्टेपनी बाहेर काढूनच पाहा. चौकटीतले आकडे घासलेले, कोरलेले किंवा वितळवलेले दिसले तर तो टायर नकोच. ते आकडे चुकून झिजत नाहीत, कारण ती जागा रस्त्याला लागतच नाही.

दुकानात घेताना टायर रिमवर चढण्याआधी चारही टायरांची तारीख स्वतः वाचा. एकदा चढवला की तो वापरलेला माल ठरतो आणि परत घ्यायला कुणी तयार होत नाही. बिलावर प्रत्येक टायरचा क्रमांक आणि आठवडा-वर्ष लिहून घ्या. बिलाची तारीख आणि टायरची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हमीचा दावा करायची वेळ आली तर दोन्ही लागतात.

पडून राहिलेला टायर खराब कसा होतो

रबरात गंधक घालून ते शिजवतात. त्याने रबराच्या लांब साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात आणि त्यातूनच टायरला ताकद आणि लवचीकपणा मिळतो. कारखान्यातलं काम तिथे संपतं. हवेतल्या ऑक्सिजनचं काम मात्र चालूच राहतं. तो रबरात मुरत जातो, काही ठिकाणी साखळ्या तोडतो, काही ठिकाणी नव्या गाठी मारतो. रबर हळूहळू कडक आणि ठिसूळ होतं. उष्णतेने या कामाला वेग येतो: तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगाने होते. महाबळेश्वरच्या थंड खोलीतला टायर आणि अकोल्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार मे महिने काढलेला टायर यांच्यावर तारीख एकच असली, तरी वय एक नसतं.

दुसरा शत्रू ओझोन. हा पृष्ठभागावर काम करतो. रबर जिथे ताणलेलं असतं तिथे, ताणाला आडव्या अशा बारीक चिरा पाडतो. त्याला रोखण्यासाठी टायरच्या रबरात मेण आणि ओझोनरोधक रसायनं मिसळलेली असतात. टायर फिरताना दर फेरीत दबतो, सुटतो, आणि त्या हालचालीने हे मेण आतून पृष्ठभागावर येत राहतं. धावणारा टायर स्वतःला असा जपत असतो. पडून राहिलेल्या टायरला ही सोय नाही. म्हणून कधी न वापरलेल्या टायरवरही चिरा दिसतात. जुन्या टायरवर दिसणारा तपकिरी थर मात्र दोष नव्हे, ते हेच रसायन वर आलेलं असतं. ते घासून काढू नका.

खरा धोका वरच्या चिरांत नाही, आत आहे. नक्षीच्या खाली पोलादी तारांचे दोन पट्टे असतात. त्या पट्ट्यांची कड खांद्याजवळ, म्हणजे नक्षी आणि बाजू मिळतात तिथे, जिथे संपते, तिथलं रबर वेगात सर्वांत जास्त राबतं आणि तापतं. तेच रबर ठिसूळ झालं असेल तर कडेपासून पट्टे सुटायला लागतात. मग एक दिवस, भर वेगात, नक्षीचा अख्खा पट्टा सोलून निघतो. हे सुटणं बाहेरून दिसत नाही आणि उभ्या गाडीत जाणवतही नाही. ‘टायर दिसायला चांगला आहे’ हा पुरावा म्हणून पुरत नाही, तो यामुळे.

ओल्या रस्त्यावरचा फरक त्याहून आधी येतो. कडक झालेलं रबर डांबराच्या बारीक उंचसखलपणात बसत नाही. नक्षी पूर्ण असूनही पहिल्या पावसात ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं.

हवा भरलेला आणि न भरलेला

ही गोष्ट फार थोडे लोक ध्यानात घेतात. रिमवर नसलेल्या टायरच्या आत आणि बाहेर साधी हवा असते. ३२ पीएसआय हवा भरून ठेवलेल्या टायरच्या आत मात्र वातावरणाच्या सुमारे तिप्पट दाब असतो, म्हणजे ऑक्सिजनही तिप्पट. तो आतून बाहेर झिरपतो आणि वाटेत नेमक्या पोलादी पट्ट्यांच्या भोवतालच्या रबराला गाठतो. काही गाड्यांना येणाऱ्या अरुंद, तात्पुरत्या स्टेपनीत ६० पीएसआय हवा असते. तिथे हा आकडा पाचपटीवर जातो. प्रयोगशाळेत टायर झटपट म्हातारा करायचा असेल तेव्हा हीच युक्ती वापरतात: आत अर्धा ऑक्सिजन असलेलं मिश्रण भरायचं आणि ६५ अंशांच्या भट्टीत काही आठवडे ठेवायचं.

यावरून दोन गोष्टी निघतात. माळ्यावर सुटा ठेवलेला पाच वर्षांचा टायर आणि डिकीत हवा भरून ठेवलेली पाच वर्षांची स्टेपनी यांत सुटा टायर आतून जास्त तरुण असण्याची शक्यता आहे. आणि नवी गाडी घेतल्यापासून एकदाही न लागलेली स्टेपनी ‘कोरी’ म्हणून पुढच्या चाकाला लावून समृद्धी महामार्गावर नेणं ही मोठी चूक आहे.

वयाने मारलेला टायर म्हणजे काय, याचं एक दुःखद उदाहरण इंग्लंडमधलं. १० सप्टेंबर २०१२ रोजी संगीत महोत्सवाहून परतणारी एक बस सरे परगण्यात हाइंडहेडजवळ रस्ता सोडून झाडावर आदळली आणि तीन जण गेले. फुटलेला पुढचा टायर १९ वर्षांहून जुना होता, बसमधल्या काही प्रवाशांपेक्षाही वयाने मोठा. वय पाहून तो काढायला लावणारा कायदा तेव्हा तिथे नव्हता. गमावलेल्या मुलाच्या आईने अनेक वर्षं पाठपुरावा केला. १ फेब्रुवारी २०२१ पासून ब्रिटनमध्ये ट्रक आणि बसच्या पुढच्या आसाला दहा वर्षांपेक्षा जुना टायर लावण्यास बंदी आली.

अमेरिकेच्या वाहन सुरक्षा खात्याने एका मोठ्या विमा कंपनीचे आकडे तपासले, तेव्हा उष्णतेचा भाग उघड झाला. टेक्सास, कॅलिफोर्निया, लुइझियाना, फ्लोरिडा आणि ॲरिझोना या पाच उष्ण राज्यांत कंपनीचे २७ टक्के ग्राहक होते, पण टायरचे ७७ टक्के दावे तिथून आले होते. त्यातले ८४ टक्के टायर सहा वर्षांपेक्षा जुने होते. विदर्भ, मराठवाडा, खानदेश इथल्या उन्हाळ्यात गाडी चालवणाऱ्यांनी हे वाचून सहाऐवजी पाच ही मर्यादा धरली तर त्यात अति काही नाही.

तपासणी: रिमवर चढवण्याआधी

घाईत पाहून उपयोग नाही. एका टायरला पंधरा-वीस मिनिटं द्या.

आधी साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश घेऊन धुवा. रॉकेल, डिझेल, थिनर अजिबात नको, रबर ते शोषून घेतं आणि फुगतं. टायरवर चकचकीत पॉलिश असेल तर ते धुऊन निघेपर्यंत काहीही ठरवू नका, कारण पॉलिशखाली बारीक चिरा लपतात. सावलीत वाळू द्या.

मग टॉर्च तिरका धरून तीन जागा पाहा: नक्षी आणि बाजू जिथे मिळतात तो खांदा, नक्षीच्या खाचांचा तळ, आणि रिमची कड जिथे टेकते त्याच्या वरची पट्टी. चिरा मिटलेल्या असतील तर दिसत नाहीत, त्यामुळे आतून दोन्ही अंगठ्यांनी दाब देऊन नक्षी बाहेर फुगवा म्हणजे खाचा उघडतात. पूर्ण घेर असा बघत जा. सुरुवातीला खडूची खूण करा, नाहीतर कुठून सुरू केलं ते कळत नाही.

काय दिसलं यावर निर्णय ठरतो. केसासारख्या रेषा, सोडलं की मिटणाऱ्या, नखाला न लागणाऱ्या: हे हवामानाचं काम, वय पाचच्या आत असेल तर चालेल. चिरेत नख अडकतं: महामार्गावर नको, आणि पाच वर्षांवरचा असेल तर कुठेच नको. चिरेच्या आत धागा किंवा तार दिसते: भंगार. खांद्याला धरून घेराच्या दिशेने सलग जाणारी चीर दिसली, तर ती बारीक असली तरी भंगार, कारण पट्ट्यांची कड तिच्याच खाली आहे. बाजूवर फुगवटा हाताला लागला तर आतला धागा तुटला आहे. त्यावर इलाज नाही.

आता आतली बाजू. दोघांनी मिळून बीड, म्हणजे टायरची रिमवर बसणारी कड, फाकवा, पहारीने ताणू नका. आतलं अस्तर ब्यूटिल रबराचं असतं, हवा धरून ठेवण्याचं काम त्याचंच. ते गुळगुळीत, अखंड हवं. भेगा, फोड, चुण्या किंवा काळी भुकटी दिसली तर टायर बाजूला ठेवा. पाणी साचून राहिल्याचे डाग असतील तर बीडकडे जास्त लक्ष द्या. बीडच्या आत पोलादी तारांचं कडं असतं. त्यावरच्या रबराला चीर पडून तांबूस डाग आला असेल तर आत गंज सुरू झालाय. असा बीड चढवताना किंवा हवा भरताना तुटू शकतो.

अंगठ्याने बाजू दाबून पाहा, लगेच परत यायला हवी. हाताला लाकडासारखं लागलं तर रबर गेलं. मोठ्या टायर दुकानात रबराचा कडकपणा मोजायचं छोटं यंत्र असतं, शोर ए मापाचं. कारच्या नव्या टायरची नक्षी त्यावर साधारण ६० ते ७० दाखवते. सावलीत, घेराच्या पाच ठिकाणी मोजा. ८० च्या आसपास सातत्याने आकडा आला तर पावसात त्याच्यावर भरवसा नको. कमी आकडा आला म्हणून आतले पट्टे शाबूत आहेत असं मात्र सिद्ध होत नाही.

शेवटी बाजूवरचं माप, भार आणि वेगाचं अक्षर तुमच्या गाडीच्या दाराजवळच्या पट्टीशी जुळतं का, आयएसआय खूण आहे का, हे बघा. आधीच्या गाडीसाठी घेऊन ठेवलेला टायर नव्या गाडीला ‘जवळपास बसतो’ म्हणून लावणाऱ्यांची इथेच फसगत होते. टी अक्षर १९० किलोमीटर वेगापर्यंत, एच २१० पर्यंत. भारांक ८२ म्हणजे एका टायरवर ४७५ किलो.

चढवताना

जुना बीड ताठर असतो, म्हणून हातपहारींऐवजी मशीनवर चढवून घ्या. रिमची बैठक तारेच्या ब्रशने गंज काढून साफ करा. बीडला टायरची पेस्ट किंवा घट्ट साबणपाणी भरपूर लावा. ग्रीस किंवा डिझेल लावलं तर टायर रिमवर घसरतो आणि रबरही सडतं. रबरी व्हॉल्व्ह दरवेळी नवा घ्या. जुना ठेवून वाचतात ते पैसे किरकोळ, आणि पुढे हवा जाते ती तिथूनच.

खाली आडव्या थप्पीत राहिलेल्या टायरचे बीड दबून जवळ आलेले असतात आणि हवा धरत नाहीत. दोन्ही बीडांच्या मध्ये लाकडी ठोकळे ठेवून एक दिवस तसाच राहू द्या. पेट्रोल किंवा स्प्रे आत उडवून पेटवायचा आणि त्या धक्क्याने बीड बसवायचा, हा प्रकार कुणी करत असेल तर थांबवा. त्यात माणसं जखमी होतात आणि टायरच्या आतलं अस्तर भाजतं.

बीड बसवताना ४० पीएसआयच्या पुढे जाऊ नका. तोवर बसला नाही तर पूर्ण हवा सोडा, पुन्हा पेस्ट लावा, पुन्हा भरा. पाइप लांब हवा, टोकाला चिमट्याचं नोझल हवं, आणि माणूस टायरच्या समोर वाकलेला नसावा. जुना टायर फुटतो तो बहुधा याच क्षणी.

बसल्यावर गाडीच्या पट्टीवरचा थंड दाब ठेवा. बीडच्या दोन्ही बाजू, व्हॉल्व्ह आणि चिरा दिसलेल्या जागा यांवर साबणपाणी सोडून बुडबुडे पाहा. मग चाक २४ तास सावलीत ठेवा आणि त्याच वेळेला, त्याच गेजने पुन्हा मोजा. एक पीएसआयचा फरक दिवसाच्या तापमानानेही पडतो. दोनपेक्षा जास्त उतरली तर गळती शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक फिरत असताना आकड्याकडे न बघता नक्षीकडे बघा. ती सरळ रेषेत जायला हवी. नागमोडी चालली किंवा उड्या मारते असं दिसलं तर टायरचा आकारच बिघडलाय. एका बाजूला ६० ग्रॅमपेक्षा जास्त वजन मागत असेल तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा पाहा. तरीही तेवढंच वजन लागलं तर तो लावू नका.

जोडी महत्त्वाची. एकाच आसावर एक ताजा आणि एक सहा वर्षांचा टायर ठेवला तर ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते. दोन चांगले आणि दोन कमी चांगले असतील तर चांगले मागे लावा, पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असली तरीही. पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, वेग कमी केला की सावरता येते. मागची सुटली तर गाडी फिरते.

पहिले दीडशे किलोमीटर

सकाळच्या थंड वेळी, कमी माणसं घेऊन, ६० ते ७० च्या वेगाने चालवा. वीस किलोमीटरवर थांबून चारही टायरांच्या बाजूंना हाताची पाठ लावा. एकच जास्त गरम लागला तर हवा कमी आहे किंवा आत काही सुटतंय. एका जागी पडून राहिल्याने आलेला सपाटपणा सुरुवातीला ‘थप थप’ असा ऐकू येतो आणि टायर गरम झाल्यावर वीस-तीस किलोमीटरमध्ये जातो. तो गेला नाही, किंवा थरथर दिवसागणिक वाढत गेली, तर ते पट्टे सुटल्याचं लक्षण समजा आणि गाडी त्याच दिवशी थांबवा. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने पुन्हा तपासा.

दीडशे झाले की पुन्हा एकदा टॉर्च घेऊन त्याच तीन जागा. पडून असताना न दिसलेल्या चिरा राबल्यावर उघडतात. वेग वाढवायचा तो यानंतरच. सातशे एक किलोमीटरच्या समृद्धीवर सपाट भागात कारला १२० ची मुभा आहे, सिमेंटचा रस्ता, दुपारचं ऊन, तासन्‌तास एकच वेग. लांबच लांब पट्ट्यात टायरला थंड व्हायला वळण नाही, गाव नाही. संशयित टायरची परीक्षा घ्यायची ती जागा नव्हे.

परवडतो का, याचाही हिशेब

समजा चार वर्षांचा कोरा टायर स्वस्तात मिळतोय आणि तुम्ही सहा वर्षांची मर्यादा पाळता. दोन वर्षं हातात आहेत. गाडी वर्षाला दहा हजार किलोमीटर फिरत असेल तर त्या टायरवर वीस हजारच होतील. एरवी कारचा टायर चाळीस-पन्नास हजार जातो. म्हणजे अर्धी किंमत पडली तरी सौदा तोट्याचा. उलट वर्षाला पंचवीस हजार फिरणाऱ्याचा टायर म्हातारा होण्याआधी गोटा होतो, त्याला तो स्वस्त पडू शकतो. कमी फिरणाऱ्या माणसाने नेहमी ताज्यातला ताजा टायर घ्यावा. बाजारात घडतं नेमकं उलटं: ‘माझी गाडी कुठे जास्त फिरते’ म्हणून तोच जुना माल घेतो.

स्टेपनी आणि उभी गाडी

स्टेपनीची हवा महिन्यातून एकदा मोजा. सहा वर्षं झाली की बदला, एकदाही लागली नसली तरी. ती तोवर ठेवायचीच असेल तर पंक्चरच्या दुकानापर्यंत, ८० च्या आत, एवढंच तिचं काम. बाकी चाकांएवढ्याच मापाची स्टेपनी असेल तर सर्वांत चांगला उपाय म्हणजे दर दहा हजार किलोमीटरला टायरांच्या जागा बदलताना तिलाही फिरवणं. पाच टायर एकत्र झिजतात आणि एकत्र निवृत्त होतात.

मुलगा किंवा मुलगी परदेशी, गाडी पुण्या-ठाण्याच्या सोसायटीत आई-बाबांच्या ताब्यात, वर्षातून पंधरा दिवस वापर: अशा गाड्यांचे टायर सर्वांत फसवे. गाडीने आठ हजार किलोमीटरही केलेले नसतात, नक्षी भरपूर असते आणि वय सात वर्षं झालेलं असतं. सुट्टीला येऊन थेट कोकणात किंवा गोव्याला निघण्याआधी चार तारखा वाचा. गाडी उभी ठेवताना हवा नेहमीपेक्षा तीन-चार पीएसआय जास्त ठेवावी, आणि घरच्यांनी पंधरा दिवसांतून एकदा दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणावी. नुसती जागेवर सुरू करून ठेवली तर टायरला काहीच फायदा नाही. निघण्याच्या दिवशी हवा पुन्हा पट्टीप्रमाणे करा.

ट्रॅक्टरचं गणित थोडं वेगळं आहे. शेतात कमी वेगात चालणाऱ्या मोठ्या मागच्या टायरवर चिरा दिसत असतात आणि तो काम देतो. पण उसाची ट्रॉली ओढत डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरला ही सवलत देऊ नका. दुचाकीला तर मुळीच नाही, तिथे एक टायर गेला की सावरायला दुसरा नसतो.

ठेवायचाच असेल तर

धुऊन, पूर्ण वाळवून, काळ्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत, आतली हवा दाबून काढून, तोंड चिकटपट्टीने बंद करा. पिशवी उन्हात ठेवली तर आत भट्टी होते, म्हणून जागा घरातली, थंड आणि कोरडी. पाण्याची मोटर, इन्व्हर्टर आणि वेल्डिंगचं मशीन यांच्यापासून लांब, कारण ठिणगी पडली की ओझोन तयार होतो. पेट्रोलचा डबा, बॅटरी, ग्रीस यांच्याजवळही नको. सुटा टायर लाकडी फळीवर उभा ठेवा आणि महिन्यातून एकदा पाव फेरा फिरवा. रिमवरचा टायर आडवा ठेवला तरी चालतो, त्यातली हवा १५ पीएसआयच्या आसपास उतरवा आणि चिठ्ठी लावून ठेवा, नाहीतर कुणीतरी तसाच गाडीला लावेल. खिळ्याला टांगू नका, बीड वाकतो. पिशवीवर आठवडा-वर्ष ठळक लिहा.

नापास झालेला टायर गच्चीवर किंवा अंगणात उघडा टाकू नका. त्यात साठलेल्या पावसाच्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. भंगारात देण्याआधी करवतीने बाजू आरपार कापा. न कापलेला टायर पॉलिश मारून पुन्हा रस्त्याकडेच्या दुकानात लागतो आणि तिथून कुणाच्या तरी गाडीखाली जातो.